तहकुबी आणि सूट

पौड मागे टाकून रस्ता कोळवणकडे वळला, की वळकी नदीच्या दोन्ही अंगांना पायऱ्यापायऱ्यांनी मांडलेली भातखाचरे, इरल्यांची जागा घेतलेल्या निळ्या प्लास्टिकच्या खोळी पांघरून बांधांवरून चाललेली माणसे आणि उत्तरेस ढगांआड गेलेला तिकोना असा जो देखावा श्रावणात दृष्टीस पडतो, तो पाहण्याच्या निमित्ताने मी दर वर्षी भाऊसाहेबांकडे चार दिवस मुक्कामाला जातो. भाऊसाहेब महसूल खात्यात कारकून म्हणून शिरले आणि तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. परंतु गाव त्यांना अजून मामलेदारच म्हणते, आणि बोलताना शब्दाशब्दाला दप्तराचा वास यावा ही त्यांची खोडही अद्याप गेलेली नाही. या खेपेस त्यांचे व्याही डॉक्टरही पुण्याहून आले होते. वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवण्यात ज्यांची हयात गेली, असे हे गृहस्थ. आणि परस्परांचा मान तिळभरही उणा न होऊ देता परस्परांचे म्हणणे समूळ खोडून काढण्याची जी कला व्याह्याव्याह्यांत वर्षानुवर्षे मुरते, ती या दोघांत पूर्णत्वास पोचलेली होती.

त्या सकाळी आम्ही तिघे नदीकाठचे खाचर पाहून परतत होतो. घर गावाच्या वरच्या अंगाला. वाटेत आधी चावडी लागते, तेथून चढ सुरू होतो, त्या चढावर जुन्या आंब्याचा पार आहे, आणि पाराच्या पलीकडे घर. चावडीपाशी येताच भाऊसाहेबांनी पाऊल आवरले, हातात उपटून घेतलेली भाताची दोन रोपे ओट्यावर ठेवली, आणि भिंतीवर चिकटवलेली जी जाहीर नोटीस त्यांनी आदल्याच दिवशी आम्हांला मोठ्याने वाचून दाखवली होती, तीच पुन्हा मन लावून वाचू लागले. वाचताना त्यांचा तळवा सदऱ्यावरून छातीच्या मध्यभागी गेला आणि तेथेच राहिला.

डॉक्टरांनी विचारले, "दुखते का?"

"जुने कूळ आहे," भाऊसाहेब म्हणाले. "चढ आला की दारात उभे राहते, दोन मिनिटे थांबलो की रामराम करून जाते. दोन वर्षांपूर्वी पुण्यास दाखवले, गोळ्या नियमाने घेतो. रोहिण्यांचे चित्र काढण्याचा सल्ला मिळाला होता, तो मी तहकूब ठेवला आहे. माझा असा पक्का समज आहे, की या दोन वर्षांत माझ्या हृदयाने कमी प्राणवायूत संसार करण्याची सवय लावून घेतली आहे. आणि ज्या अवयवाने आपला प्रश्न आपणच निकालात काढला, त्याच्या कारभारात बाहेरच्या अंमलदाराने ढवळाढवळ करू नये."

डॉक्टर ओट्यावर बसले. "या समजाला आधार काय?"

"आधार तुमचाच. तो हेबर्डन की कोण इंग्रज वैद्य, ज्याने अठराव्या शतकात या दुखण्याला नाव दिले, त्याचा एक रोगी रोज अर्धा तास करवतीने लाकडे कापी आणि त्या नेमाने जवळजवळ बरा झाला, ही कथा तुम्हीच मला मुलांच्या लग्नात पंगतीला सांगितली होती. दुसरा आधार माझ्या शेतातला." एवढे बोलून त्यांनी दोन रोपांतले एक उचलले आणि खिशातल्या अडकित्त्याने त्याच्या बुडाशी आडवा छेद घेतला. "आपला चष्मा लावून पाहा."

आम्ही दोघेही वाकलो. छेदात, पानांच्या एकात एक गुंतलेल्या आवरणांमध्ये, बारीक बारीक पोकळ खणांची माळच दिसत होती. खाली मुळांचा झुबका लालसर तपकिरी, जणू गंजलेल्या पाण्यातून काढलेला. केवळ कोवळी टोके तेवढी पांढरी.

"चिखलात कोंडलेल्या मुळांना हवा मिळत नाही," भाऊसाहेब पुढे म्हणाले, "ज्वारी असती तर चार दिवसांत पिवळी पडून मेली असती. भाताने काय केले, तर अंगातच नळ बांधून घेतले. कोणत्या सरकारने मंजुरी दिली? कोणत्या इंजिनिअराने आराखडा काढला? गवताला जे साधते ते मनुष्याच्या हृदयाला साधू नये काय?"

डॉक्टरांनी मुळांवरून बोट फिरवून बोटाला लागलेला तांबूस थर निरखला. "दृष्टांत उत्तम आहे, आणि तो तुम्हांला वाटतो त्याहूनही खोल आहे. पानांनी घेतलेला प्राणवायू या पोकळ्यांतून मुळापर्यंत उतरतो, आणि त्यातला थोडा मुळाबाहेर झिरपून चिखलातले लोह गंजवतो, म्हणून हा रंग. म्हणजे या रोपाने आपला प्राणवायू आणण्याचा स्वतंत्र रस्ता बांधला. हृदयापाशी असा रस्ता नाही. त्याला प्राणवायू मिळायचा तो रक्तातून, आणि रक्त मिळायचे ते त्याच्या अंगावरून उतरणाऱ्या मोजक्या रोहिण्यांतून. उपरोध असा, की हृदयाच्या कप्प्यांतून अष्टौप्रहर रक्त वाहत असते, पण आतल्या पृष्ठालगतचा अगदी पातळ थर सोडला, तर त्या रक्ताचा थेंबही त्याच्या जाड भिंतीला परस्पर मिळत नाही. खजिन्याचा पहारेकरी जसा पगारावरच जगतो, तसे ते."

"मग खजिन्याच्या भिंतीलाच भोक पाडावे!"

"तेही करून झाले आहे, आणि ते आपल्या परळला झाले. केईएम रुग्णालयात प्रफुल्लकुमार सेन यांनी, तेहेमटन उडवाडिया, किनरे आणि परुळकर या सहकाऱ्यांसह, १९६५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयात कप्प्यातले रक्त स्नायूच्या पोकळ्यांतून थेट झिरपते आणि त्याला पोसते. त्यावरून सेन यांनी असा विचार केला, की मनुष्याच्या हृदयस्नायूला सुईने आरपार छिद्रे पाडली, तर कप्प्यातले रक्त त्या वाटांनी उपाशी स्नायूपर्यंत पोचेल. या भाताच्या देठात तुम्ही जे पाहिले, तेच त्यांना हृदयात हवे होते. ज्यांनी पुढे १६ फेब्रुवारी १९६८ रोजी त्याच रुग्णालयात मनुष्याच्या हृदयाचे रोपण करण्याचे धाडस केले, तेच हे सेन."

"मग? छिद्रे टिकली?"

"नाही. जखम भरून काढणे हा शरीराचा धर्म. त्याने त्या वाटा व्रण समजून बुजवून टाकल्या. पुढे अमेरिकेत हीच छिद्रे लेसरने पाडण्याची टूम निघाली, तेव्हाही अनुभव फारसा निराळा आला नाही. भाताच्या पोकळ्या भाताने स्वतः, पेशींचा शिस्तीने त्याग करून घडवलेल्या असतात. बाहेरून पाडलेले भोक आणि आतून घडलेली वाट यांत हाच भेद."

"म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूने साक्ष दिलीत," भाऊसाहेब समाधानाने म्हणाले. "आतून घडते तेच खरे."

डॉक्टरांनी मान हलवली. "आतून काय घडते, हे आधी पाहू, मग साक्ष कोणाच्या बाजूची, ते ठरवा. हृदय म्हणजे सुमारे ३०० ग्रॅम वजनाचा स्नायू. दिवसाकाठी तो एक लाखाच्या आसपास ठोके देतो. इतर अवयव रक्तातल्या प्राणवायूचा साधारण चौथा हिस्सा उचलतात आणि उरलेला शिलकीत सोडतात. हृदयाचा स्नायू मात्र मनुष्य स्वस्थ बसलेला असतानाही ७० ते ७५ टक्के उचल करून मोकळा होतो. तेव्हा चढ लागला, गरज वाढली, तर जादा उचल करायला शिल्लकच नसते. रक्ताचा ओघ वाढवणे हा एकच मार्ग, आणि रोहिणी अरुंद झालेली असेल तर तोही खुंटतो. तुमचे जुने कूळ दारात उभे राहते ते यामुळे. आता समजा, ती रोहिणी अरुंद न राहता पूर्ण बंदच पडली. पहिल्या मिनिटाच्या आतच त्या भागातला स्नायू आकुंचन पावण्याचे थांबतो. तो मेलेला नसतो, बरे. ऊर्जेची आवक तुटली हे ओळखून त्याने सर्वांत मोठा खर्च बंद केलेला असतो. प्राणवायूवाचून साखर जाळून तो तग धरू पाहतो, त्यातून आम्ल साचते, आणि ते आम्लही काही काळ त्याचे रक्षणच करते. पण २० मिनिटांच्या सुमारास भिंतीच्या आतल्या अंगाच्या पेशी मरू लागतात आणि मरणाची ही लाट आतून बाहेर सरकत काही तासांत आरपार जाते. रायमर आणि जेनिंग्ज या अमेरिकन संशोधकांनी १९७७ साली कुत्र्यांच्या हृदयांवर हे क्रमवार दाखवले."

"हे तर नुसते मरणाचे वेळापत्रक झाले. सवयीचे काय?"

"सवयीचे प्रकरण त्यांच्याच प्रयोगशाळेत निघाले. १९८६ साली मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी कुत्र्यांची हृद्रोहिणी पाच मिनिटे बंद केली, पाच मिनिटे उघडली, असे चार वेळा केले; आणि त्यानंतर ती सलग ४० मिनिटे बंद ठेवली. अपेक्षा अशी, की आधीच चार वेळा गांजलेले हृदय अधिक मरेल. प्रत्यक्षात ज्यांना ही तालीम मिळाली नव्हती, त्यांच्या मानाने या हृदयांत मृत झालेला भाग सुमारे एक चतुर्थांश भरला."

भाऊसाहेबांनी ओट्यावर थाप मारली. "झाले! माझा रोजचा चढ म्हणजे हीच तालीम. मी दिवसातून दोनदा हृदयाला अर्धपोटी ठेवतो आणि ते चिवट होत जाते. लाकूडतोड्याची कथा आणि कुत्र्यांचा प्रयोग, दोन्ही पुरावे एकाच दिशेचे."

"तुमच्या खात्यात अर्जाचे पहिलेच पान वाचून हुकूम देत असत काय?" डॉक्टरांनी सौम्यपणे विचारले. "त्याच निबंधात दुसरे पान आहे. आणखी काही कुत्र्यांना तीच तालीम देऊन रोहिणी ४० मिनिटांऐवजी तीन तास बंद ठेवली. त्या वेळी तालीम मिळालेल्या आणि न मिळालेल्या हृदयांत काहीही फरक उरला नाही. शिवाय तालमीचा हा गुण तास-दोन तासांत विरतो. पुढे सुमारे एका दिवसाने तो फिक्या रूपात परत येतो आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा मावळतो. आणि उतारवयातल्या हृदयात ही विद्या क्षीण होत जाते, हेही दिसून आले आहे. भाऊसाहेब, महसूल तहकूब करणे आणि महसुलाची सूट देणे यांत फरक काय, ते मला समजावून सांगा."

या प्रश्नाने भाऊसाहेबांचा चेहरा एकदम कचेरीतला झाला. "फरक जमीन-अस्मानाचा. पीक बुडाले, पैसेवारी खाली आली, तर सरकार वसुली पुढे ढकलते, ती तहकुबी. देणे कायम राहते, मुदत तेवढी मिळते. सूट म्हणजे देणेच माफ. अडाणी कुणबी दोन्ही एकच समजतो आणि पुढच्या वर्षी तलाठी दारात आला की कपाळाला हात लावतो."

"हृदयाचे सारे अनुकूलन ही तहकुबी आहे," डॉक्टर म्हणाले. "चाळीस मिनिटांपुरते देणे पुढे गेले, तीन तासांनी ते पुरतेपूर वसूल झाले."

क्षणभर कोणी बोलले नाही. पागोळ्यांचे पाणी ओट्याखालच्या दगडावर पडत होते. मग भाऊसाहेबांनी, हरलेला मुद्दा सोडून दुसरा धरावा त्या चपळाईने, निराळीच बाजू उघडली.

"बरे, तहकुबी तर तहकुबी. पण मग तुमचा उपाय काय? रोहिणी उघडणे. रक्त परत आले की फिर्याद मिटली, असे तुम्ही लोक सांगता. मी ७२ च्या दुष्काळात नवशिका कारकून होतो. तेव्हापासून एक गोष्ट पाहत आलो आहे: दुष्काळात माणूस खंगतो, पण मोडतो तो पहिल्या सुकाळात. पहिले बरे पीक खळ्यावर आले, आणि चालू बाकी, तहकूब बाकी, सावकार, सोसायटी अशा सर्वांनी एकाच आठवड्यात हात पसरले, की कुणब्याचे बैल बाजारात गेलेच म्हणून समजा. तुमच्या हृदयात असे होत नाही?"

डॉक्टर थोडा वेळ त्यांच्याकडे पाहतच राहिले. "नेमके हेच होते, आणि हे ओळखायला आमच्या शास्त्राला विसावे शतक अर्धे उलटावे लागले. जेनिंग्ज यांनी १९६० सालीच नमूद केले, की कोंडलेल्या स्नायूत रक्त परत सोडले असता काही पेशींचा नाश उलट वेगाने होतो. कारण आज बरेच कळले आहे. उपासमारीत पेशीत आम्ल साचलेले असते. रक्त परतताच बाहेरचे आम्ल धुऊन निघते, आतले आम्ल बाहेर घालवण्याच्या खटपटीत पेशी सोडियम आत घेते, आणि सोडियम घालवण्याच्या खटपटीत कॅल्शियम. कॅल्शियम म्हणजे स्नायूला आकुंचनाचा हुकूम. हा हुकूम एकदम हजारोंनी सुटला, की स्नायूतंतू आखडून स्वतःलाच फाडतात. त्याच वेळी प्रत्येक पेशीत ऊर्जा निर्माण करणाऱ्या ज्या तंतुकणिका, त्यांत तुंबलेल्या इंधनावर प्राणवायू अकस्मात येऊन आदळतो आणि विध्वंसक उग्र रेणू निर्माण होतात. आम्ल होते तोवर तंतुकणिकांच्या पटलातले एक दार मिटलेले असते. ते आम्ल गेले, की दार सताड उघडते आणि तंतुकणिका फुगून फुटतात. ज्या प्राणवायूवाचून पेशी मरत होती, त्याच्याच हातून ती मरते."

"मग रक्त परत आणूच नये?"

"असे म्हणणे म्हणजे सुकाळात वसुलीचा जुलूम होतो म्हणून दुष्काळ कायम राहू द्यावा, असे म्हणण्यासारखे. रक्त परत आले नाही, तर सगळेच मरते; आले, तर बरेचसे वाचते. प्रश्न एवढाच, की ते कसे यावे."

"हप्तेबंदीने," भाऊसाहेब तात्काळ म्हणाले.

"२००३ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेने हेच केले. कुत्र्याची बंद रोहिणी एकदम उघडण्याऐवजी अर्धे मिनिट उघडली, अर्धे मिनिट मिटली, असे तीन वेळा करून मग मोकळी सोडली. मृत स्नायूचे प्रमाण लक्षणीय घटले. याहून अजब प्रकार असा, की दंडाला रक्तदाब मोजण्याचा पट्टा बांधून तो पाच मिनिटे आवळला आणि पाच मिनिटे सैल सोडला, असे चार वेळा केले, तरी दूरच्या हृदयाला संरक्षण मिळते असे प्रयोगांत दिसू लागले. हातावर केलेली जप्ती पाहून हृदयाने सावध व्हावे, अशातला हा प्रकार. लहान चाचण्या उत्साहवर्धक होत्या. मग युरोपात झटका आलेल्या पाच हजारांहून अधिक रुग्णांवर मोठी चाचणी झाली. तिचा निकाल २०१९ साली लागला. पट्टा आवळलेल्या आणि न आवळलेल्या रुग्णांत वर्षभरात काही फरक आढळला नाही."

भाऊसाहेब मनापासून हसले. "म्हणजे शास्त्राची हप्तेबंदी कागदावरच राहिली."

"राहिली, आणि ते कबूल करायला मला संकोच नाही. प्रयोगशाळेतला कुत्रा तरुण आणि निरोगी असतो. रुग्णालयात येणारा मनुष्य साठीचा, मधुमेही, आणि आधीच नाना औषधांवर असतो. रोहिणी लवकरात लवकर उघडणे याहून मोठा उपाय आजही आमच्या हाती नाही, आणि कोळवणहून पुण्यास पोचायला लागणारे प्रत्येक मिनिट हे त्या मुदतीतले असते."

पावसाची सर ओसरून गेली होती. खालच्या खाचरात गडी बांधाची मोरी बोटभर उकरून जादा झालेले पाणी सोडीत होता; ते पाणी एकदम न जाता सुतासारखे पुढच्या खाचरात उतरत होते. भाऊसाहेब ते पाहत म्हणाले, "चार वर्षांमागे नदीचे पाणी या खाचरात आठ दिवस उभे राहिले होते. रोपे पाण्याखाली हिरवी दिसत होती. पाणी उतरले, ऊन पडले, आणि दोन दिवसांत सगळी कोमेजून आडवी झाली. मी तेव्हा म्हणालो होतो, पाण्याने मारले नाही, उन्हाने मारले."

"बुडालेल्या भाताला पाणी ओसरल्यावर हवेचा आणि उन्हाचा जो मार बसतो, तो हृदयातल्या माराचाच भाऊबंद," डॉक्टर म्हणाले. "ओडिशातल्या एका जुन्या वाणात मात्र असा गुण आहे, की तो पाण्याखाली गेला की उंच होण्याची धडपड सोडून देतो, साखर जपून ठेवतो आणि जवळजवळ दोन आठवडे निपचित पडून राहतो. त्या गुणामागचे जनुक २००६ साली हाती लागले. योगायोग पाहा, की हृदयातही अशी निद्रा आहे. अपुऱ्या रक्तावर महिनोन् महिने राहिलेला स्नायू काम कमी करून जिवंत राहतो. तपासणीत तो मेल्यासारखा दिसतो, पण रक्त वाढले की हळूहळू जागा होतो. शीतनिद्रेतले हृदय ही कल्पना १९८० च्या दशकात ज्यांनी रूढ केली ते शहाबुद्दीन रहिमतुल्ला जन्माने मुंबईचे. याहून निराळा एक प्रकार म्हणजे झटक्यानंतर रोहिणी वेळेत उघडूनही काही दिवस स्नायू सुस्त राहतो; ब्राउनवाल्ड आणि क्लोनर यांनी १९८२ साली त्याला गुंगी आलेले हृदय म्हटले. रक्त आले, पेशी वाचल्या, पण भानावर यायला वेळ लागतो."

"तर मग माझे हृदय हे ओडिशाचे वाण समजा. झोपले आहे, झोपू द्या." भाऊसाहेबांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "आणि हे पाहा, मुलाने पाठवले आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेली चाचणी, पाच हजारांवर रुग्ण, सदतीस देश. दुखणे स्थिर असलेल्यांपैकी निम्म्यांच्या रोहिण्या तपासून उघडल्या, निम्म्यांना औषधांवर ठेवले. तीन वर्षांच्या आसपास पाहिले तर मृत्यू आणि झटके यांत फरक नाही. दुसरी २०२२ ची, इंग्लंडातली, सातशे रुग्णांची: तुमच्या त्या निद्रिस्त हृदयांच्या रोहिण्या उघडूनही आयुष्य वाढले नाही. आता बोला. कैफियत माझी, पुरावे तुमच्या शास्त्राचे."

मला वाटले, डॉक्टर अडचणीत आले. पण त्यांनी कागद वाचून, तो नीट घडी करून परत दिला. "हे दोन्ही निकाल खरे आहेत, आणि ते वाचून माझ्यासारख्या पुष्कळांना आपली मते दुरुस्त करावी लागली. निद्रिस्त हृदयाची कल्पना आम्ही समजत होतो तितकी सरळ नाही. स्थिर दुखण्याच्या रुग्णाला घाईने उघडू नये, औषधे आणि चालणे यांवर विश्वास ठेवावा, हे तुमचे म्हणणे मी मान्य करतो. पण निकालपत्रातली एक अट तुम्ही वाचली नाहीत. त्या चाचणीत घेण्यापूर्वी बहुतेकांची छाननी झाली होती. मुख्य डाव्या रोहिणीत मोठा अडथळा नाही, हे पाहिले गेले होते. तुमची ती छाननीच तहकूब आहे. आणि त्याहून मोठी अट त्या एका शब्दात आहे: स्थिर. हा शब्द तुमच्या बाबतीत लागू आहे काय?"

"दोन वर्षे तेच दुखणे, तोच चढ. याहून स्थिर काय असते?"

डॉक्टरांनी त्यांना उत्तर दिले नाही. ते माझ्याकडे वळले. "गेल्या श्रावणात तुम्ही येथे होता. चढताना हे कोठे थांबत?"

मी खरे बोलण्याखेरीज काय करणार? "आंब्याच्या पारावर. तेथे बसूनच आम्ही सुपारी कातरत असू."

"आणि काल? आज?"

उत्तराची गरज नव्हती. आम्ही जेथे बसलो होतो ती चावडी होती. डॉक्टर उठले, चढाच्या वाटेने मोजत मोजत पारापर्यंत गेले, आणि परत येऊन म्हणाले, "१४० पावले. मुंबईला रुस्तुम जाल वकील म्हणून डॉक्टर होऊन गेले. सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे १९४९ साली निबंध लिहून ज्यांनी जगापुढे मांडले, तेच. त्यांनी साठच्या दशकाच्या आरंभी झटक्याच्या उंबरठ्यावरच्या अवस्थेवर बारकाईने लिहिले: जे दुखणे ठराविक श्रमाला येत होते, ते कमी श्रमाला येऊ लागते, वारंवार येऊ लागते, पुढे बसल्याजागीही येते. ही अवस्था ओळखली, तर पुढचा अनर्थ पुष्कळदा टाळता येतो. हे खरे, की झटक्याच्या आदल्या एक-दोन दिवसांत असे दुखून गेलेल्या काहींचे हृदय झटक्यात कमी मरते. तेवढी तालीम त्याने घेतलेली असते. पण त्या तालमीच्या भरवशावर झटका येऊ देणारा मनुष्य, तहकुबीच्या कागदावर नवे कर्ज काढणाऱ्या कुणब्यासारखा आहे. भाऊसाहेब, हृदयाने तुम्हांला दोन वर्षे मुदत मिळवून दिली. त्याने आपले काम चोख केले. मुदत कशासाठी वापरायची, हे काम त्याचे नाही."

भाऊसाहेब बराच वेळ भिंतीवरच्या नोटिशीकडे पाहत राहिले. आता मात्र ते ती वाचत नव्हते. खालून गडी वर येत होता. त्यांनी त्याला हाक मारून न कापलेले दुसरे रोप त्याच्या हाती दिले आणि मुळे सुकण्याच्या आत ते खाचरात खोवून टाकण्यास सांगितले. मग आमच्याकडे वळून, पूर्वी निवाडा वाचून दाखवताना लावीत असतील त्याच सुरात ते म्हणाले:

"माझ्या सबंध नोकरीत हद्दीचा दगड सरकलेला दिसला आणि मी पंचनामा न करता कचेरीत परतलो, असे एकदाही घडले नाही. येथे दगड १४० पावले सरकला आणि मला दिसला नाही, कारण हद्द माझी स्वतःची होती. डॉक्टर, गाडी वर घराशी आहे. ती खाली चावडीपाशी आणा. तो चढ आज मी चढत नाही. आणि पंचनाम्याला दोन पंच लागतात, तेव्हा तुम्ही दोघेही गाडीत बसा."